पट्टे सांगतात कोण, पट्टा सांगतो काय

उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुका, म्हणजे जुना सुपा, बहुतांशी काळी नदीच्या खोऱ्यातील जंगलाने व्यापलेला असून, दांडेली अभयारण्य व अणशी राष्ट्रीय उद्यान मिळून २००७ साली जाहीर झालेल्या आणि २०१५ पासून काळी नदीचेच नाव लाभलेल्या व्याघ्र प्रकल्पाचा मोठा भाग याच तालुक्यात येतो. येथील पट्टेरी वाघांची मोजदाद करताना त्यांच्या अंगावर काहीही बांधावे लागत नाही. कारण प्रत्येक वाघाच्या कुशीवरील पट्ट्यांची ठेवण अंगठ्याच्या ठशासारखी निराळी असते, आणि डावी कूस उजवीशी जुळत नसल्यामुळे जनावरांच्या वाटेवर समोरासमोर दोन कॅमेरे बसवले की ओळख पक्की होते. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात २०१८ मध्ये टिपलेला एक नर २०२० मध्ये, सरळ रेषेत २०० किलोमीटरांहून दूर असलेल्या काळीच्या जंगलात आढळला, तो याच जुळणीमुळे. दांडेलीची ख्याती ज्याच्यामुळे झाली त्या काळ्या बिबळ्यापुढे मात्र ही युक्ती दिवसाउजेडी लंगडी पडते, कारण त्याचे ठिपके काळ्या रंगात बुडालेले असतात. अवरक्त प्रकाशात घेतलेल्या छायाचित्रातच ते वर येतात.

छायाचित्रे निवडण्याचे काम आता बरेचसे संगणक करतो. २०१८-१९ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणच्या कॅमेऱ्यांनी ३ कोटी ४८ लाखांहून अधिक छायाचित्रे टिपली आणि त्यांपैकी वाघांची होती ७६,६५१. उरलेल्या ढिगातून गवा, सांबर, गुरे आणि वाऱ्याने हललेले गवत डोळ्यांनी वेगळे करायचे म्हटले असते तर पुढची गणना येऊन ठेपली असती.

तरीही छायाचित्र हे क्षणाचे असते, आणि वर उल्लेखिलेल्या नराच्या दोन छायाचित्रांमधील दोन वर्षे कोरीच राहतात. ती जागा ठिकाण नोंदवणारा गळ्यातील पट्टा काही अंशी भरतो. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातील एका तरुण वाघाला फेब्रुवारी २०१९ मध्ये असा पट्टा बांधण्यात आला, आणि तासातासाला मिळालेल्या ५,००० हून अधिक नोंदींतून त्याची सुमारे ३,००० किलोमीटरांची, बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंतची भटकंती नकाशावर उमटली. परंतु लागोपाठचे चार ठिपके एकाच जागी पडले, तर वाघ तेथे झोपला होता की मारलेल्या जनावरावर बसून होता, हे नकाशावरून कळत नाही.

त्यासाठी पट्ट्यात त्वरणमापक बसवतात. मोबाइल आडवा धरताच पडदा फिरतो तो ज्या चिमुकल्या घटकामुळे, तोच हा. पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि वर-खाली अशा तीन दिशांतील हिसके तो मोजतो. सेकंदाला २५ वेळा मोजणी धरली, तर एका दिवसात ६४ लाख ८० हजार आकडे जमतात. गवा चरत असताना मान खाली झुकलेली असते आणि गवत ओढण्याचे आखूड, अनियमित झटके रेषेवर दिसतात. तोच गवा बसून रवंथ करू लागला की मान उचललेली राहते आणि बारीक लाटा घड्याळाच्या टिकटिकीसारख्या एकसारख्या येत राहतात. मात्र या लाटेचे नाव ‘रवंथ’ आहे हे यंत्राला कोणीतरी आधी सांगावे लागते. कोणीतरी जनावराकडे पाहत राहतो, वेळेसह त्याची कृती लिहितो, ती नोंद त्याच वेळच्या आकड्यांशी जोडली जाते, आणि अशा शेकडो जोड्यांवरून यंत्र नवी लाट ओळखायला शिकते. ‘यंत्रशिक्षण’ या भारदस्त शब्दामागे असे पहारा देणाऱ्याचे डोळे असतात. इस्रायलमधील रान नाथान व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये गिधाडांवर हीच रीत वापरून उडणे, खाणे आणि पिसे साफ करणे वेगळे ओळखून दाखवले. दाट जंगलातला वाघ असा तासन्‌तास दिसत नाही, म्हणून अनेकदा प्राणिसंग्रहालयातील वाघाकडून धडे घ्यावे लागतात, आणि सपाट अंगणात चालणाऱ्या वाघावर शिकलेले यंत्र घाटाच्या चढणीवर फसू शकते.

अचूकतेचे आकडेही जपून वाचावेत. दिवसातले १६ तास पडून राहणाऱ्या जनावराबद्दल प्रत्येक क्षणी ‘पडून आहे’ एवढेच म्हणणारे यंत्र दोन-तृतीयांश वेळा बरोबर ठरेल, आणि काही सेकंदांची शिकारीची झडप, जिच्यासाठी सारा खटाटोप, ती त्याच्या हातून सुटेल. वजनाची अडचण वेगळीच. पक्ष्याच्या अंगावरील यंत्र त्याच्या वजनाच्या सुमारे ३ टक्क्यांत बसावे असा संकेत आहे. तेव्हा तीन किलोच्या महाधनेशाला ९० ग्रॅम चालतील, पण ३०० ग्रॅमच्या मलबारी राखी धनेशाला अवघे ९ ग्रॅम.

काळीच्या खोऱ्यात आणखी एक पेच संभवतो. ठिकाण कळण्यासाठी पट्ट्याला वरच्या उपग्रहांचे संकेत मिळावे लागतात, आणि अणशीसारख्या दाट छताच्या, खोल दऱ्यांच्या रानात ते हुकण्याचा धोका मोठा असतो. त्वरणमापकाला मात्र आभाळ लागतच नाही. त्यामुळे पट्टा परत हाती आल्यावर असेही होऊ शकते, की वाघ रात्री चालला, थांबला, झेपावला आणि पुढे बराच वेळ खात बसला हे सेकंदासेकंदाने वाचता यावे, आणि हे सारे कोणत्या ओहोळाच्या काठी घडले ते रकान्यात कोरेच असावे.