परतीपासून आखायचा प्रवास

वाशीमच्या पाटणी चौकाजवळ माझं तिकीट बुकिंगचं दुकान आहे. धंद्याचा मोठा भाग म्हणजे शिर्डी-तिरुपतीच्या गाड्या आणि रेल्वेची तत्काळ तिकिटं. परदेशाची तिकिटं त्या मानानं थोडी. आखातात कामाला असलेली मंगरूळपीर-कारंजाकडची पोरं, उमऱ्याला निघालेली कुटुंबं, बाहेर शिकायला गेलेले विद्यार्थी आणि त्यांना भेटायला निघालेले आईबाप, एवढंच गिऱ्हाईक. मार्च २०२० पर्यंत या कामात डोकं फार लागत नसे. व्हिसा आहे का, सामान किती किलो, मधल्या विमानतळावर वेळ पुरतो का, एवढं पाहिलं की झालं.

मग कोविडची साथ आली आणि २२ मार्चच्या मध्यरात्री भारतानं आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानं थांबवली. ती नेहमीच्या वेळापत्रकानं सुरू व्हायला २७ मार्च २०२२ उजाडला. मधल्या दोन वर्षांत 'एअर बबल' होते, म्हणजे दोन देशांनी आपापसांत ठरवून चालवलेली मोजकी विमानं. असे करार पुढे तीसहून जास्त देशांशी झाले. पण कोणत्या विमानानं कुणी जायचं आणि तिथून पुढे तिसऱ्या देशात जाता येईल की नाही, हे प्रत्येक करारात वेगळं. एका देशाला जायचं असेल तरी दमछाक व्हायची. दोन-तीन देश करायचे असतील, तर वहीच उघडावी लागे.

त्या वहीतून एक गोष्ट हाती लागली. साथीच्या काळात तुमच्याकडे पासपोर्ट कुठला आहे यापेक्षा तुम्ही गेले चौदा दिवस कुठे होतात, याला जास्त किंमत असते. सगळी आखणी याच प्रश्नाभोवती फिरते.

मुक्काम तिसऱ्याच देशात

एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट उसळली आणि भारतातून येणाऱ्यांसाठी एकेक दार बंद होत गेलं. २३ एप्रिलला ब्रिटननं भारताला लाल यादीत टाकलं. ब्रिटिश नागरिकालाही परतल्यावर दहा दिवस सरकारनं ठरवलेल्या हॉटेलात काढावे लागत आणि त्याचे १,७५० पौंड खिशातून जात. पाठोपाठ संयुक्त अरब अमिरातीनं भारतातली विमानं थांबवली. ४ मेपासून अमेरिकेनं आधीच्या चौदा दिवसांत भारतात राहिलेल्या परदेशी माणसांना बंदी केली, त्यात विद्यार्थ्यांसारखे काही अपवाद ठेवले. ऑस्ट्रेलियानं तर काही दिवस भारतातून परतणाऱ्या स्वतःच्याच नागरिकांना तुरुंगाचा धाक घातला. सौदी अरेबियाचं दार फेब्रुवारीपासूनच लागलेलं होतं.

या सगळ्या हुकुमांत 'भारतीय' या शब्दापेक्षा 'गेल्या चौदा दिवसांत भारतात होता का' हे महत्त्वाचं होतं. आखातात नोकरी असलेल्या पोरांनी त्यातूनच वाट काढली. भारतातून सौदीला थेट जाता येत नाही ना, मग जिथे भारतीयांना प्रवेश आहे आणि जिथून सौदीला जाता येतं, अशा देशात चौदा दिवस राहायचं आणि मग पुढचं विमान धरायचं. आधी नेपाळ झालं, मालदीव झालं. नेपाळनं एप्रिल २०२१ च्या अखेरीस तिसऱ्या देशात जाण्यासाठी येणाऱ्या परदेशी प्रवाशांना थांबवलं, मेच्या मध्यात मालदीवनंही दक्षिण आशियातल्या पर्यटकांना दार लावलं. अमिरातीसाठी कुणी आर्मेनिया, कुणी उझबेकिस्तान, कुणी सर्बिया गाठला. कारंजाकडच्या एका मुलानं दुकानात येऊन विचारलं होतं, "भाऊ, हे आर्मेनिया आहे तरी कुठं? तिथं मले काय काम?" काम काहीच नव्हतं, फक्त दिवस मोजायचे होते. पण त्या दिवसांचं हॉटेल, जेवण आणि तपासणी यांचा खर्च मूळ तिकिटाच्या कितीतरी वर जायचा. त्यातून तो मधला देश मध्येच दार लावून घेईल ही धास्ती वेगळी. भारतातून सौदीला थेट प्रवेश १ डिसेंबर २०२१ ला मिळाला, तेव्हा कुठे हा वळसा संपला.

हा प्रकार नवा नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. पुढच्याच वर्षी युरोपातले देश व्हेनिसला प्लेगवरच्या परिषदेसाठी जमले आणि इकडे इंग्रज सरकारनं मुंबई बंदरातून हजला जाणारी जहाजं थांबवली. एरवीही हजयात्रेकरूंना तांबड्या समुद्रातल्या कमरान बेटावर विलगीकरणात उतरावं लागे. जहाजाजवळ निघाल्या बंदराचा आरोग्यदाखला असे आणि तो पाहूनच जहाज धक्क्याला लावू द्यायचं की नाही हे ठरे. आमच्याकडून उमऱ्याला जाणाऱ्यांनी २०२१ मध्ये भरलेले फॉर्म त्याच दाखल्याचे वंशज होते.

पहिली सीमा जिल्ह्याची

मुंबई-पुण्यातल्या माणसाचा परदेश प्रवास विमानतळावर सुरू होतो. वाशीमच्या माणसाचा प्रवास त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. एप्रिल २०२१ च्या अखेरीस राज्यात जिल्ह्याबाहेर जायला पोलिसांचा ई-पास लागायला लागला, तेव्हा आमची पहिली सीमा जिल्ह्याचीच झाली. त्याआधी फेब्रुवारीत रिसोड तालुक्यातल्या देगावच्या निवासी शाळेत दोनशेवर विद्यार्थी बाधित निघाले होते, त्यामुळे जिल्ह्यात सगळेच धास्तावलेले.

मग आरटी-पीसीआर. बहुतेक देशांना आणि परतताना भारतालाही ७२ तासांच्या आतला अहवाल लागे. पण हे तास कुठून मोजायचे? काही ठिकाणी नमुना दिल्यापासून, काही ठिकाणी अहवाल आल्यापासून. संपायचे कधी? काहींच्या मते विमान सुटताना, काहींच्या मते पोहोचताना. दोन विमानं बदलून जायचं असेल, तर या फरकात अख्खा दिवस जातो. अमिरातीनं पुढे ४८ तासांची अट लावली आणि वर विमानतळावर निघण्याआधी काही तासांत आणखी एक झटपट तपासणी ठेवली.

शनिवारी पहाटे चारला मुंबईहून विमान असेल, तर नमुना बुधवारी पहाटे चारच्या आधीचा चालत नाही. बुधवारी सकाळी अकोल्याला नमुना द्यायचा, गुरुवारी संध्याकाळपर्यंत अहवाल घ्यायचा, गुरुवारी रात्री अकोल्याहून गाडी, शुक्रवारी सकाळी मुंबई, रात्री विमानतळ. अहवाल सहा तास लांबला की गाडी सुटली, गाडी सुटली की विमान सुटलं. म्हणून मी लोकांना एक दिवस आधी मुंबईत जाऊन तिथेच तपासणी करा म्हणायचो. खर्च वाढायचा. पण दूरच्या गावातून निघणाऱ्यानं वेळ विकत घ्यावाच लागतो. अहवालावर क्यूआर कोड आहे का आणि नाव पासपोर्टप्रमाणेच आहे का, हेही पाहावं लागे.

नावाचा घोळ आमच्याकडे जास्त. आधारवर आडनाव आधी, पासपोर्टवर आडनाव शेवटी, लसीच्या प्रमाणपत्रावर वडिलांचं नावच गायब. लसनोंदणीच्या कोविन पोर्टलवर दुरुस्तीची संधी एकदाच मिळायची. जून २०२१ पासून प्रमाणपत्राला पासपोर्ट क्रमांक जोडता येऊ लागला. पूर्ण जन्मतारीख मात्र त्यावर नसायची, नुसतं वय किंवा साल असायचं. ब्रिटननं कोविशील्ड मान्य केली पण प्रमाणपत्रावर बोट ठेवलं, तेव्हा सप्टेंबरअखेरीस जन्मतारखेची सोय झाली. ११ ऑक्टोबरपासून ब्रिटननं कोविशील्डच्या दोन मात्रा घेतलेल्यांचं विलगीकरण उठवलं. दोन मात्रांतलं अंतर तेव्हा ८४ दिवसांचं होतं. शिकायला किंवा नोकरीला बाहेर जाणाऱ्यांना ७ जूनच्या आदेशानं ते २८ दिवसांवर आणता आलं. त्यासाठी पासपोर्ट आणि प्रवेशपत्र पाहणारा अधिकारी प्रत्येक जिल्ह्यात नेमायचा होता.

नवऱ्याची लस एक, बायकोची दुसरी

माझ्या वहीतलं सगळ्यात शिकवून गेलेलं काम मंगरूळपीरच्या एका निवृत्त शिक्षक जोडप्याचं. मुलगी जर्मनीत, मुलगा इंग्लंडात. दोन वर्षं नातवंडं फोनच्या पडद्यावर वाढली. डिसेंबर २०२१ मध्ये निघायचं ठरत होतं, तेवढ्यात ओमायक्रॉन आला. २६ नोव्हेंबरला नाव पडलं, १ डिसेंबरपासून भारतानं 'जोखमीच्या' देशांची यादी लावली आणि महाराष्ट्रानं त्यावर स्वतःचे वेगळे नियम घातले. राज्याचा नियम केंद्रापेक्षा कडक निघाला की मुंबईत उतरायचं की हैदराबादेत, हासुद्धा प्रश्न होतो. वाशीमला हैदराबादकडून पूर्णा मार्गे रेल्वे येते, त्यामुळे आम्हाला ती पळवाट निदान नकाशावर तरी होती.

सर म्हणाले, "आधी पोरीकडे जाऊ, मग पोराकडे. तिकीट त्या हिशोबानं काढा." मी दोघांची लसीची कागदं मागितली. सरांनी कोविशील्ड घेतलेली, बाईंनी कोव्हॅक्सिन. इथेच गाडी अडली. जागतिक आरोग्य संघटनेनं कोव्हॅक्सिनला ३ नोव्हेंबर २०२१ ला मान्यता दिली होती आणि ब्रिटननं ती २२ नोव्हेंबरपासून धरली. जर्मनीला कोविशील्ड चालत होती, कोव्हॅक्सिन नाही. म्हणजे सर मुलीकडे जाऊ शकत होते, बाई नाही. बाई म्हणाल्या, "लस घेतली तवा कोणी इचारलं नाई बाप्पा, पोरगी कुठं राह्यते म्हणून."

मी दोघांना थांबायला सांगितलं आणि क्रम उलटा केला. ब्रिटननं १८ मार्च २०२२ ला साथीचे सगळे प्रवासनियम काढले, लस विचारणंही बंद झालं. म्हणून आधी इंग्लंड, मे महिन्यात. जर्मनी १ जूनपासून कोव्हॅक्सिन मान्य करणार अशी घोषणा झाली, म्हणून जर्मनी जूनमध्ये, सगळ्यात शेवटी. परत येणं जर्मनीहून, कारण भारतानं १४ फेब्रुवारीपासून परस्पर मान्यता असलेल्या देशांतून येणाऱ्यांना तपासणीऐवजी लसीच्या प्रमाणपत्रावर सोडायला सुरुवात केली होती आणि जर्मनी त्या यादीत होता. भारतात परतताना भरायच्या एअर सुविधाच्या फॉर्मवर आधीच्या चौदा दिवसांचा प्रवास लिहावा लागे. शेवटचे चौदा दिवस एकाच देशात गेले की तो रकाना साधा राहतो.

व्हिशांचाही क्रम होता. युक्रेनच्या युद्धामुळे ब्रिटनच्या व्हिसाला त्या वसंतात सहा-सात आठवडे लागत होते आणि तोवर पासपोर्ट अडकून राही. म्हणून तो अर्ज आधी, जर्मनीसाठी शेंगेनचा नंतर. शेंगेनला किमान ३०,००० युरोंचा आरोग्यविमा लागतोच. त्यात कोविडचा उपचार आणि विलगीकरणाचा मुक्काम धरलाय का, हे पॉलिसीच्या बारीक अक्षरांत वाचून घेतलं. लग्नाचा मुहूर्त ठरला की घरातल्या बाया जशा तिथून मागे मोजत हळदीपर्यंत येतात, तसं आम्ही परतीच्या तारखेपासून मागे मोजत वाशीमच्या बसस्टँडपर्यंत आलो.

ते दोघं जर्मनीत असतानाच, ११ जूनला, जर्मनीनं बहुतेक निर्बंध उठवले. सर फोनवर हसून म्हणाले, "उगाच एवढी वही भरली." वही भरली नसती तर त्यांनी मेमध्ये जर्मनीचं विमान धरलं असतं आणि बाई मुंबईतच राहिल्या असत्या.

काउंटरवर कोण बसलंय

लोकांना वाटतं, नियम दूतावास सांगतो आणि अडवतो तो इमिग्रेशनचा माणूस. प्रत्यक्षात बहुतेक प्रवासी अडायचे ते विमान कंपनीच्या चेक-इन काउंटरवर. चुकीचा प्रवासी नेला तर कंपनीला त्याला परत आणावं लागतं, कधी दंडही भरावा लागतो. त्यामुळे काउंटरवरची मुलगी 'टिमॅटिक' नावाच्या यंत्रणेत तुमचे देश टाकते आणि तिथे जे उमटेल तेच खरं मानते. तुम्ही छापून आणलेला जुना आदेश तिथे चालत नाही.

यातूनच पुढचा धडा आला. दोन देशांची तिकिटं वेगवेगळी काढली की स्वस्त पडतात. पण मग मधल्या विमानतळावर सामान घ्यायला बाहेर यावं लागतं, म्हणजे त्या देशात प्रवेशच करावा लागतो आणि त्या देशाचे सगळे नियम लागतात. एकाच पीएनआरवर असाल तर बहुतेक वेळा आतल्या आत पुढचं विमान मिळतं. पहिलं विमान रद्द झालं तरी पुढची जबाबदारी कंपनीची राहते. साथीत दोन हजार रुपये वाचवण्यासाठी तोडलेलं तिकीट पुढे चाळीस हजारांना पडू शकतं.

पैसे परत मिळण्याची लढाई तर वेगळीच. लॉकडाऊनमध्ये रद्द झालेल्या तिकिटांबद्दल सर्वोच्च न्यायालयानं १ ऑक्टोबर २०२० ला निकाल दिला, लॉकडाऊनच्या काळात त्याच काळासाठी काढलेल्या तिकिटांचे पूर्ण पैसे परत करा म्हणून. इतरांसाठी कंपनीकडे जमा राहणाऱ्या रकमेची सोय करून दिली. एजंटकडून काढलेल्या तिकिटाचे पैसे एजंटमार्फतच परत यायचे. त्यामुळे गिऱ्हाईक माझ्या दारात आणि मी कंपनीच्या फोनवर, असे कित्येक महिने गेले. तेव्हापासून तारीख बदलायला किती पैसे लागतात, हे मी तिकिटाच्या किमतीआधी सांगतो.

५ मे २०२३ ला जागतिक आरोग्य संघटनेनं आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. त्याआधीच, नोव्हेंबर २०२२ मध्ये, एअर सुविधाचा फॉर्म बंद झाला होता. पण चौदा दिवसांचा प्रश्न पुरता गेलेला नाही. केनियाची सफर करून भारतात येणाऱ्याला आजही पिवळ्या तापाच्या लसीचं कार्ड लागतं, प्रवासी कुठल्याही देशाचा असो. लस घेतल्यावर कार्ड दहा दिवसांनी लागू होतं आणि कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. हा नियम कोविडच्या कितीतरी आधीपासूनचा आहे. दुबई करून, पुढे नैरोबी करून, परत मुंबईत यायचा बेत घेऊन कुणी दुकानात आलं, की मी तिकिटाचे दर उघडत नाही. परत येण्याआधीचे शेवटचे दिवस कुठे असाल, ते आधी विचारतो आणि लसीची तारीख तिथून मागे मोजून देतो.