शनिवार, स्पॅनर आणि सायलेन्सर

आठवडाभर कीबोर्ड बडवायचा आणि शनिवारी ग्रीसने हात काळे करायचे, यातली मजा केल्याशिवाय कळत नाही, बॉस! कॅलिफोर्नियात सॅन होजेला ऑनसाइट होतो, तेव्हा माझ्या मित्राने सेकंडहँड माझदा मियाटा घेतली. १९८९ साली बाजारात आलेली ही चिमुकली टू-सीटर. जगात सर्वाधिक खपलेली टू-सीटर स्पोर्ट्‌स कार म्हणून गिनीज बुकात तिचं नाव आहे. छप्पर उघडा, केस विस्कटू द्या आणि सुटा!

पण साहेबांची एक तक्रार होती. ‘गाडी दिसते वाघासारखी, आवाज मात्र मांजरीचा!’ झालं. कंपनीचा एक्झॉस्ट काढून दुसरा लावायचा, तोही घरच्या गॅरेजमध्ये, असं ठरलं. हेल्पर अर्थातच मी.

आधी पाइप समजून घ्या

एक्झॉस्ट म्हणजे नुसता मागचा डबा नव्हे. इंजिनातला धूर मॅनिफोल्डमधून कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये येतो. तिथे विषारी वायूंचा बराचसा बंदोबस्त होतो. मग मधला पाइप आणि शेवटी सायलेन्सर. आपण हात लावायचा तो फक्त कन्व्हर्टरच्या मागच्या भागाला. हौशी मंडळी त्याला ‘कॅट-बॅक’ म्हणतात. कन्व्हर्टर काढून टाकणं अमेरिकेत कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे तिकडे बघायचंसुद्धा नाही.

वहिनींचा व्हेटो

रात्रभर गाडी गार होऊ दिली, कारण तापलेला पाइप कातडी सोलून काढतो. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्रीच पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवलं. सकाळी पुढच्या चाकांना ठोकळे लावले. हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो आणि तीच चाकं आपण उचलणार, म्हणजे ठोकळ्यांना पर्याय नाही. मग ट्रॉली जॅकने मागची बाजू वर घेतली.

मित्र आत सरकणार इतक्यात वहिनी चहा घेऊन आल्या. ‘जॅक स्टँड कुठायत?’

‘अगं, पाच मिनिटांचं काम आहे.’

‘मग पाच मिनिटांत स्टँड आणा. तोपर्यंत कोणी गाडीखाली जायचं नाही.’

तोंड पाडून दुकानात गेलो. स्टँड घेऊन तासाभराने परतलो, तर गाडी चांगली तीन-चार इंच खाली बसलेली! जॅकच्या सीलमधून तेल झिरपत होतं. आवाज नाही, इशारा नाही. आम्ही दोघं एकमेकांकडे बघतच राहिलो. पाच मिनिटांचं काम कुणाच्या छातीवर आलं असतं, हे बोलायची गरज नव्हती. उरलेला चहा गुपचूप प्यायलो.

एवढं एक लक्षात ठेवा. जॅक गाडी उचलायला असतो, स्टँड धरून ठेवायला. स्टँड मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच लावा, जमीन सपाट आणि पक्की हवी आणि आत जाण्यापूर्वी गाडी ढकलून बघा.

आता स्पॅनर

दुसऱ्या जॅकने गाडी पुन्हा उचलली, स्टँडवर टेकवली आणि आत शिरलो. गंजाचा चुरा डोळ्यांत पडतो, म्हणून गॉगल मस्ट. हट्टी नटाशी कुस्ती खेळू नका. थोडा घट्ट, थोडा सैल असं करत सोडवा, नाहीतर स्टड तुटतो. नट निघाले की सायलेन्सर ज्या रबरी हँगर्सवर लोंबतो, ती काढायची. साबणाचं पाणी लावलं की सटकन सुटतात. हे काम दोघांचं. एक जण हँगर काढतो, दुसरा पाइप खालून धरतो, कारण डबा चांगलाच जड असतो. ऑक्सिजन सेन्सरची वायर ताणू नका. जोडताना गॅस्केट मात्र नवीनच.

घुर्रर्र!

संध्याकाळी चावी फिरवली आणि वाघ डरकाळला. मित्र खूश! पण हायवेवर साठ मैलांच्या स्पीडला कानात सतत घूं-घूं. गाणी ऐकू येईनात, गप्पा तर सोडाच. त्यात कॅलिफोर्नियात कारच्या आवाजाला ९५ डेसिबलची मर्यादा आहे.

आपल्याकडेही हे लाड चालत नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत मनमानी बदल करता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आवाजाचे नियम मोडल्यास पहिल्याच वेळी १० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पुण्यात तर पोलिसांनी बुलेटच्या फटाके फोडणाऱ्या सायलेन्सरवर चक्क रोडरोलर फिरवलाय!

दोन आठवड्यांनी जुना एक्झॉस्ट पुन्हा जागेवर बसला. बरं झालं, भंगारात दिला नव्हता. या वेळी स्टँड कुणी आणायचे यावर चर्चा झाली नाही. मित्राने आधी तेच लावले, मग वहिनींना हाक मारली, ‘बघून घे गं एकदा!’