छोट्या कारखान्यात माणूस का टिकतो?



कामगारांचा उत्साह कसा टिकवावा, या विषयावर कामगार संघटनेच्या माणसाला बोलायला उभे केले, याचे काहींना नवल वाटेल. हा तर मालकांचा प्रश्न! परंतु कळंब्यात राहणाऱ्याला तो टाळता येत नाही. आमच्या कळंबा रस्त्यावरील आय.टी.आय.मधून दरवर्षी मुले फिटर, टर्नर, वेल्डर होऊन बाहेर पडतात. शिवाजी उद्यमनगरात, शिरोलीत, गोकुळ शिरगावात कामाला लागतात आणि हात जरा बसला की त्यांतली कितीतरी पुण्याची गाडी धरतात. मालक म्हणतो, "शिकवायचे आम्ही आणि फळ दुसऱ्याला!" मुलगा म्हणतो, "इथे राहून करू काय?" दोघांचेही ऐकण्यात माझी तीस वर्षे गेली.

आधी एक गोष्ट स्वच्छ सांगतो. पगाराला दुसरा पर्याय नाही. पाठीवरच्या थापेने घरची चूल पेटत नाही. कामाचा मोबदला कमी द्यायचा आणि वर "आपण सारे एक कुटुंब" असे म्हणायचे, हे कुणालाही फार दिवस फसवत नाही. पण मग योग्य पगार मिळणारा माणूसही मन काढून का घेतो?

याचे उत्तर मला एका जुन्या अर्जात सापडले. १८८४ साली सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. त्यांत मागण्या कोणत्या? आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, कामाचे तास ठरलेले, मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत, आणि काम करताना जखमी झालेल्यास आधार. मजुरी वाढवा, ही मागणी त्यांत नव्हती. मजुरी पुरत होती असे नव्हे. पण आपल्या दिवसाचा आणि पैशाचा भरवसा त्या माणसांना आधी हवा होता. रविवारच्या सुट्टीसाठी १८९० चा जून उजाडावा लागला.

भरवसा ही पहिली गोष्ट. पगाराची तारीख ठरलेली असली की माणूस उसनवारीच्या काळजीतून सुटतो. ज्याला उद्या सावकाराला तोंड द्यायचे आहे, त्याचे लक्ष यंत्रावर कसे राहणार?

दुसरी गोष्ट म्हणजे विचारणे. एका छोट्या फौंड्रीतली हकीकत सांगतो. पावसाळ्यात कास्टिंगला छिद्रे पडू लागली. माल परत येऊ लागला, तसा मालक मोल्डरांच्या पगारातून पैसे कापू लागला. तंटा माझ्याकडे आला. मी एका वयस्कर मोल्डरला बाजूला घेऊन कारण विचारले. तो म्हणाला, "वाळूत ओल जास्त आहे. तापलेला रस पडला की तिची वाफ होते आणि ती वाफ धातूत अडकते." मी म्हटले, "मग मालकांना सांगितले का नाही?" तो म्हणाला, "विचारले कुणी?"

बंधूंनो, या दोन शब्दांत आपला सारा विषय आला. ज्ञान कारखान्यात होते, पण ते सांगायला वाट नव्हती. पुढे कपात थांबली, वाळू झाकून ठेवण्याची सोय झाली, आणि आठवड्यातून एकदा भट्टीपाशी उभे राहून सर्वांचे ऐकायचा रिवाज पडला. तो मोल्डर त्यानंतर स्वतः नव्या पोरांना वाळू मुठीत दाबून ओल ओळखायला शिकवू लागला. हे काम त्याला कुणी सांगितले नव्हते.

तिसरी गोष्ट म्हणजे वाढीची वाट. पाच वर्षांनीही ज्याच्या हाती तेच काम आणि तोच दर, तो जाणारच. साधे लेथ चालवणाऱ्याला पुढचे यंत्र शिकवा, आणि शिकल्यावर त्याचा दर किती वाढेल, ते आधीच सांगा.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या ओसाड माळावर कारखाना मांडला, तेव्हा मालक आणि कामगार एकाच वस्तीत राहत. तिथे सारे गोडच होते, असे मी म्हणत नाही. पण कामगाराच्या घरी काय चालले आहे, हे मालकाला ठाऊक असे. पंधरा माणसांच्या कारखान्याला ही गोष्ट आजही जमते. मोठ्या कारखान्याला त्यासाठी वेगळे खाते उघडावे लागते. छोट्या मालकाला फक्त आपल्या केबिनचे दार उघडावे लागते.

काही मालक मला म्हणतात, "विचारू लागलो तर डोक्यावर बसतील." माझा अनुभव उलट आहे. ज्यांना कधीच विचारले जात नाही, तेच एके दिवशी एकदम काम बंद करतात, किंवा मुकाट्याने पुण्याला जातात. पहिल्याशी निदान बोलणी करता येतात. दुसऱ्याबरोबर आपल्या गावाचे कसब जाते, आणि ते परत आणण्याची विद्या माझ्याही संघटनेपाशी नाही.