क्षमा मिळते, पण ती घेता येते का?

मागच्या वेळी आपण ख्रिस्ती विचारातल्या पापाच्या कल्पनेविषयी बोललो. व्याख्यान संपता संपता एका श्रोत्यांची चिठ्ठी माझ्या हातात आली. वेळ संपली होती, म्हणून ती खिशात ठेवली आणि आठवडाभर ती माझ्याबरोबरच होती. चिठ्ठीत एवढंच होतं : देव क्षमा करतो हे मी मानतो, पण मला क्षमा झाली आहे असं काही केल्या वाटत नाही. याचं काय करायचं?

आजचा सगळा तास मी या चिठ्ठीला देणार आहे. कारण मला वाटतं, ख्रिस्ती धर्मात जन्मलेल्या आणि रोज प्रार्थना करणाऱ्या अनेकांची अडचण नेमकी हीच असते. देव दयाळू आहे का, हा प्रश्न त्यांना पडत नाही. अडतं ते घेताना.

सुरुवात उधळ्या मुलाच्या गोष्टीपासून करू. लूकच्या शुभवर्तमानात, १५व्या अध्यायात ती येते. गोष्ट तुम्हाला पाठ असेल. धाकटा मुलगा बापाकडून वाटणी मागून घेतो, परदेशी जाऊन सगळं उडवतो, दुष्काळ पडतो, डुकरं राखायची वेळ येते. (ज्यू मुलानं डुकरं राखायची, म्हणजे किती खाली येणं ते लक्षात घ्या.) मग तो परत निघतो आणि निघण्याआधी बापाला काय सांगायचं ते मनाशी जुळवून ठेवतो. या भाषणाला तीन कलमं आहेत. मी पाप केलं, हे पहिलं. तुमचा मुलगा म्हणवून घ्यायची माझी लायकी उरली नाही, हे दुसरं. आणि तिसरं, मला तुमच्या एका मजुरासारखं ठेवा.

आता पुढे काय होतं ते बारकाईनं वाचा. बाप त्याला लांबूनच पाहतो, धावत जातो, गळ्यात पडतो. मुलगा पाठ केलेलं भाषण सुरू करतो. पहिलं कलम होतं, दुसरं होतं. तिसरं येतच नाही. बाप मध्येच नोकरांना हाका मारतो : झगा आणा, अंगठी आणा, जोडे आणा, पोसलेलं वासरू कापा. मजुरीची मागणी तोंडातच राहते.

हे तिसरं कलम फार शहाणपणाचं होतं, बरं का. मजुराला मजुरी मिळते. आज इतकी, उद्या इतकी, असं करत करत उधळलेली रक्कम फेडता येते. आणि मजुराला कुणाचे उपकार घ्यावे लागत नाहीत. थोडक्यात, मुलानं परत येताना सुद्धा आपला मान कसा शाबूत राहील याची तजवीज करून ठेवली होती. बापानं ती मोडली. अंगठी आणि जोडे म्हणजे तू या घरातलाच आहेस, आता हिशेब नाही. आणि ज्याला आपली लायकी नाही हे पक्कं ठाऊक आहे, त्यानं तो झगा अंगावर चढवू देणं ही सोपी गोष्ट नव्हे. गोष्टीत त्या मुलाला पुन्हा एकही वाक्य नाही. तो गप्प उभा आहे आणि त्याला कपडे चढवले जात आहेत. क्षमा घेणं दिसायला कसं असतं, असं मला कुणी विचारलं तर मी हेच चित्र दाखवीन.

थोरल्या मुलाकडे आपण नंतर येऊ. आधी ऋण या शब्दाविषयी दोन मिनिटं. येशूनं शिकवलेल्या प्रार्थनेत जी क्षमेची ओळ आहे, तिथं मत्तयकडे ऋण हा शब्द आहे आणि लूककडे पाप. येशू जी आरामी भाषा बोलत होता, तीत पाप आणि कर्ज या दोहोंसाठी एकच शब्द चालतो. आपल्या लहानपणी वाण्याकडे उधारीची वही असायची. नाव, तारीख, आकडा. महिनाअखेर पैसे दिले की वाणी त्यावर आडवी रेघ मारायचा. आपली सगळी नैतिक कल्पना त्या वहीवर उभी असते. पैसे आधी, रेघ नंतर. वाण्यानं एके दिवशी आपण होऊन रेघ मारली, तर आपण काय करू? मी सांगतो, आपल्यापैकी निम्मे लोक दुकान बदलतील. त्या दुकानासमोरून जायला ओशाळल्यासारखं होईल ना!

हे मी कल्पनेनं बोलत नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका विद्यार्थ्याला मी तोंडी परीक्षेत सगळ्यांसमोर इतकं घालूनपाडून बोललो की त्यानं विषयच सोडला. चूक माझी होती, तो बरोबर उत्तर देत होता. वीसेक वर्षांनी एका लग्नात तो भेटला. मी त्याला बाजूला घेऊन मनापासून माफी मागितली. तो म्हणाला, ‘सर, ते मी कधीच सोडून दिलं. जेवलात का?’ त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा राग आला होता. त्यानं मला दोन शब्द सुनवायला हवे होते. मग फिट्टंफाट झाली असती. त्यानं फुकट सोडलं, आणि मी त्याच्यापुढे रिकाम्या हातानं उभा राहिलो. मला क्षमा नको होती, मला शिक्षा हवी होती. कारण शिक्षा भोगल्यावर माणूस ताठ मानेनं चालू शकतो.

सोरेन किर्केगार्द या डॅनिश तत्त्वज्ञानं १८४९ साली निराशेवर एक पुस्तक लिहिलं. मृत्यूला नेणारा आजार असं त्याचं नाव आहे. त्यात तो म्हणतो की आपल्या पापाविषयी हताश होणं हे स्वतःच एक नवं पाप आहे. मी स्वतःला कधीच क्षमा करू शकणार नाही, असं एखादा म्हणतो तेव्हा ऐकणाऱ्याला वाटतं, किती हळवं, किती सद्गुणी मन! किर्केगार्द म्हणतो, जरा थांबा, इथं अहंकार लपलेला आहे. देव क्षमा करायला तयार असताना मी नाही म्हणतो, याचा अर्थ माझं न्यायालय देवाच्या न्यायालयाहून वरचं आहे. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला ते फार कठोर वाटलं होतं. त्या लग्नानंतर वाटेनासं झालं.

आणि हे फक्त प्रॉटेस्टंट मंडळींचं म्हणणं आहे असं समजू नका. त्याच्या सहाशे वर्षं आधी थॉमस अक्विनासनं आशेच्या विरोधातली दोन पापं सांगितली आहेत. एक निराशा, म्हणजे देव मला क्षमा करणार नाही असं मानणं. दुसरं, देवाला गृहीत धरणं, म्हणजे काहीही करा, तो सोडून देतोच असं मानणं. आपल्याला वाटेल, दुसरं पाप मोठं. थॉमस म्हणतो, नाही, गृहीत धरणं हे निराशेपेक्षा लहान पाप आहे. त्याचं कारण तो असं देतो की देवाच्या अपार चांगुलपणामुळे शिक्षा करण्यापेक्षा दया करणं हे त्याच्या स्वभावाला जास्त जुळतं. गृहीत धरणारा चुकतो, पण देवाच्या स्वभावाविषयी तो निराश माणसापेक्षा कमी चुकतो. एवढं मोजूनमापून लिहिणारा तत्त्वज्ञ हे लिहितो, म्हणून मला त्याचं वजन वाटतं.

यहूदा आणि पेत्र यांच्याकडेही असंच पाहावं लागतं. दोघांनीही एकाच रात्री येशूशी दगा केला. आणि पश्चात्ताप फक्त पेत्राला झाला, हे खरं नाही. मत्तय स्पष्ट सांगतो की यहूदाला पस्तावा झाला, त्यानं चांदीची तीस नाणी परत नेली, आपण निर्दोष माणसाला धरून दिलं हे कबूल केलं. पण तो गेला कुणाकडे? याजकांकडे. त्यांनी खांदे उडवले, तुझं तू पाहा म्हणाले. ज्याचा अपराध केला त्याच्यापर्यंत तो पोचलाच नाही. (कुणा व्यक्तीचा निवाडा मी यातून करत नाही. आणि ऐकणाऱ्यांपैकी कुणी अशा अंधारात असेल तर एकट्यानं राहू नका, आजच कुणाशी तरी बोला.) पेत्राचं उलट झालं. तो रडला, गालीलात गेला, मासे धरायला लागला, आणि एका सकाळी किनाऱ्यावर येशू त्याला भेटला. तिथं कोळशाचा विस्तव होता. योहानानं वापरलेला कोळशाच्या विस्तवाचा हा ग्रीक शब्द नव्या करारात फक्त दोनदा येतो : एकदा जिथं शेकत उभं राहून पेत्रानं येशूला नाकारलं तिथं, आणि एकदा इथं. नाकारणं तीन वेळा, म्हणून प्रश्नही तीन वेळा, माझ्यावर प्रेम करतोस का. तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्राला वाईट वाटलं, असं योहान लिहितो. म्हणजे क्षमेत जुनी जखम झाकली जात नाही. ती उघडली जाते, पण उघडणाराच पुढे त्याला मेंढरं सांभाळायला देतो.

मार्टिन ल्यूथर तुम्हाला माहीत आहे म्हणून त्याला थोडक्यात घेतो. १५०५ साली तो एरफुर्टच्या मठात शिरला आणि पुढे तासन् तास पापनिवेदन करत बसायचा. न जाणो एखादं राहून गेलं असेल! देवाचं नीतिमत्त्व हा शब्दच आपल्याला तिरस्काराचा वाटायचा, असं त्यानं म्हातारपणी लिहून ठेवलं आहे.

मला जास्त वेळ द्यायचा आहे तो आपल्या पंडिता रमाबाईंना. त्यांचं लहानपण तीर्थयात्रांत गेलं. वडील अनंतशास्त्री डोंगरे सगळं कुटुंब घेऊन तीर्थातीर्थांत फिरत, पुराणं सांगत. स्नानं, उपवास, व्रतं, दानं. पापक्षालन व्हावं, पुण्य गाठीला लागावं यासाठी होतं नव्हतं ते दान केलं. मग दुष्काळात आईवडील गेले. रमाबाई पुढे इंग्लंडला गेल्या. तिथं फुलहॅमला ख्रिस्ती भगिनींचं वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी चाललेलं काम त्यांनी पाहिलं, शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचली आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. आपल्या समजुतीप्रमाणे गोष्ट इथं संपायला हवी.

संपत नाही. १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत रमाबाई कबूल करतात की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त सापडला नव्हता. ती आठ वर्षं काही रिकामी नव्हती. त्यात अमेरिकेचा दौरा आहे, १८८९ साली मुंबईत उघडलेलं शारदा सदन आहे, विधवांसाठी केलेलं अफाट काम आहे. पण मन शांत नव्हतं. एका इंग्रज धर्मोपदेशकाचं, विल्यम हॅसलमचं, आत्मवृत्त वाचून त्यांच्या लक्षात आलं की आपण अजून आधी चांगलं होऊ आणि मग देवाकडे जाऊ या रांगेतच उभ्या आहोत. मला यातली गंमत अशी दिसते की तीर्थयात्रा सुटली होती, पण तीर्थयात्रेचं गणित सुटलं नव्हतं. धर्म बदलला तरी वही तीच. ती वही मिटायला आणखी आठ वर्षं लागली, तीही एवढ्या बुद्धीच्या बाईला. आपली तर गोष्टच सोडा.

आता आक्षेप. तत्त्वज्ञानाच्या माणसाला तो घ्यावाच लागतो. इमॅन्युएल कांटनं १७९३च्या धर्मावरच्या ग्रंथात म्हटलं आहे की नैतिक अपराध हा पैशाच्या कर्जासारखा नसतो. तो इतका व्यक्तिगत असतो की दुसरा कुणी तो फेडू शकत नाही. हे म्हणणं मला पूर्ण खोडता येत नाही. आणि त्याहून टोचणारा प्रश्न म्हणजे, ज्याचं नुकसान झालं त्याचं काय? देवानं मला क्षमा केली म्हणून माझा तो विद्यार्थी काही तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक होत नाही. बॉनहोफरनं १९३७ साली स्वस्त कृपा या नावानं याच पळवाटेवर बोट ठेवलं होतं.

इथं मला जक्कय आठवतो. यरीहोचा जकातदार, बुटका, झाडावर चढून बसलेला. येशू त्याला म्हणतो, खाली ये, आज मुक्काम तुझ्याकडे. लोक कुरकुरतात. त्यानंतर जक्कय उठून सांगतो, अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट. क्रम बघा. पाहुणा आधी, परतफेड नंतर. चौपट दिलं म्हणून येशू जेवायला आला नाही. पण येशू जेवायला आला, आणि जक्कयला लुटीचा माल घरात ठेवणं अशक्य झालं. कांटच्या आक्षेपाचं हे तर्कशुद्ध उत्तर नाही, हे मी जाणतो. पण स्वस्त कृपा आणि खरी कृपा यांतला फरक मला इथं ओळखता येतो : पीडिताचे पैसे परत येतात की नाही ते पाहा.

तर चिठ्ठी लिहिणाऱ्यांना मी काय सांगू? वाटत नाही, असं तुम्ही म्हणता. वाटण्याची वाट पाहू नका. स्वतःच्या मनात स्वतःचा खटला चालवून स्वतःच निर्दोष सोडणं कुणालाच जमत नाही. आरोपी आणि न्यायाधीश एकच असला की निकालावर विश्वास बसत नाही. म्हणून क्षमेचा शब्द बाहेरून, दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा लागतो. कॅथलिक परंपरेनं तो धर्मगुरूच्या तोंडी दिला. आणि बॉनहोफर तर ल्यूथरन, पण १९३९ साली तोही लिहितो की पाप एखाद्या भावापुढे उघड बोला, कारण एकट्यानं देवापुढे कबुली देताना आपण बऱ्याचदा स्वतःपुढेच कबुली देत असतो आणि स्वतःच स्वतःला माफ करत असतो. तेव्हा ज्याच्यावर विश्वास आहे असा एक माणूस गाठा, नाव घेऊन, पाप सांगून बोला, आणि तो जे म्हणेल ते मध्ये न बोलता ऐकून घ्या. हे शेवटचं अवघड आहे. त्या लग्नात मला ते जमलं नव्हतं.

थोरला मुलगा राहिला. तो शेतावरून येतो, गाण्याबजावण्याचा आवाज ऐकतो आणि दारातच अडून बसतो. इतकी वर्षं राबलो, एक करडूसुद्धा मिळालं नाही, म्हणतो. म्हणजे घरात राहूनही हा मजुरीचाच हिशेब करत होता. बाप त्याच्यासाठीही बाहेर येतो आणि विनवतो. तो आत गेला की नाही, हे लूक लिहीत नाही.

पावणेआठ झाले. प्रश्न असतील तर घेऊ.