शेतीसाठी सांडपाणी : पारख कशी करावी?

शहरालगतच्या शेतकऱ्यास बारमाही मिळणारे पाणी म्हणजे बहुधा शहराचे सांडपाणी. पुण्याजवळ मुंढवा येथे नदीचे पाणी उचलून बेबी कालव्याद्वारे खालच्या गावांतील शेतीस दिले जाते, हे त्याचे परिचित उदाहरण. अशा पाण्यात नत्र व स्फुरद असल्याने पीक जोमदार येते. मात्र पहिल्या दोन-तीन हंगामांच्या हिरवेपणावरून पाणी योग्य ठरविणे धोक्याचे आहे.

पाणी 'शुद्ध केलेले' आहे, एवढ्यानेही निर्धास्त होऊ नये. शुद्धीकरण केंद्रात मुख्यतः सेंद्रिय घाण व गाळ निघतो; विरघळलेले क्षार तसेच राहतात. घरोघरचे मीठ आणि धुण्याची पूड यांतील सोडियम त्यामुळे थेट शेतात पोचते.

क्षारांचे एकूण प्रमाण विद्युत वाहकतेवरून कळते. १९५४ साली अमेरिकेच्या क्षार प्रयोगशाळेने केलेल्या वर्गीकरणानुसार ती ७५० मायक्रोम्होपर्यंत असल्यास पाणी बहुतेक पिकांस चालते. २२५० च्या पुढे ते सामान्यतः अयोग्य समजावे. परंतु आपल्या काळ्या जमिनीत खरा प्रश्न सोडियमचा आहे. कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या मानाने सोडियम वाढले की चिकणमातीचे कण सुटे होतात, छिद्रे बुजतात, पाणी मुरत नाही आणि जमीन चोपण होते. ती सुधारण्यास जिप्सम व निचऱ्याचे चर लागतात, शिवाय कित्येक वर्षे जातात. तेच पाणी निचऱ्याच्या हलक्या जमिनीस सोसवते. म्हणून पाण्याबरोबर मातीचाही नमुना तपासावा.

आरोग्याची कसोटी निराळी. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ मध्ये १०० मिलिलिटर पाण्यात १००० पर्यंत विष्ठाजन्य जंतू व लिटरमागे जंताचे जास्तीत जास्त एक अंडे, अशी मर्यादा सुचविली होती. 'उसाला काहीही चालते' असे म्हणणाऱ्यांना अनवाणी दारे धरणारा मजूर आठवत नाही. आकडीकृमी त्याच्या तळपायातूनच शरीरात शिरतो. त्याला गमबूट मिळालेच पाहिजेत.

ग्रामपंचायतीने नमुना उन्हाळ्यात, पाणी आटलेले असताना व वाहत्या प्रवाहातून अवश्य घ्यावा. बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळावी. जंतुतपासणीची निर्जंतुक बाटली मात्र प्रयोगशाळेतूनच आणावी, ती विसळू नये आणि भरल्यावर बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवावी. वरच्या अंगाला कारखाने असल्यास बोरॉन व जड धातूंची तपासणी लेखी मागावी. नेहमीच्या तपासणीत ती होतेच असे नाही.