एका टक्क्याचं मोल

1939 च्या जुलैमध्ये स्वित्झर्लंडमध्ये 80 वर्षांचे प्राध्यापक ऑरेल स्टोडोला एका यंत्राची चाचणी घेत होते. ब्राउन बोव्हेरी कंपनीने बांधलेलं ते गॅस टर्बाइन न्यूशातेल शहराला वीज देण्यासाठी होतं, आणि या कामासाठी असं टर्बाइन तोवर कुणी वापरलं नव्हतं. टर्बाइनची ताकद होती 15,400 किलोवॉट. त्यातले 11,400 किलोवॉट त्याचाच कॉम्प्रेसर हवा दाबण्यात खाऊन टाकी. शहराच्या वाट्याला येत 4,000. जळलेल्या इंधनातल्या ऊर्जेपैकी वीज होई फक्त 17.38 टक्के.

2011 च्या मे महिन्यात जर्मनीत, बव्हेरियातल्या डॅन्यूबकाठच्या इर्शिंगला, सीमेन्सने बांधलेल्या नव्या केंद्राने 60.75 टक्के गाठले. साठीची वेस ओलांडायला माणसाला 72 वर्षं लागली.

यातली मोठी उडी उष्णता वाया न घालवण्यातून आली. अशा आधुनिक गॅस टर्बाइनमधून बाहेर पडणारा धूर सहाशे अंशांच्या वर तापलेला असतो. तो थेट चिमणीतून सोडून न देता बॉयलरमधून फिरवला, की त्यावर वाफ होते आणि त्या वाफेवर दुसरं टर्बाइन चालतं. हीच कम्बाइन्ड सायकल. आपल्या उरणच्या वायू विद्युत केंद्रात हे नीट मोजता येतं. तिथं 108 मेगावॉटची 4 गॅस टर्बाइन आहेत आणि त्यांच्या धुरावर 120 मेगावॉटची 2 वाफेची टर्बाइन चालतात. एकूण 672 मेगावॉट. त्यातल्या 240 मेगावॉटसाठी वेगळा वायू जाळावा लागत नाही. मला या साऱ्या तंत्रात याहून सुंदर आकडा दिसत नाही.

इर्शिंगच्या केंद्रातलं एकटं गॅस टर्बाइन 375 मेगावॉटचं. लांबी 13 मीटर, वजन सुमारे 440 टन. ते सेकंदाला 820 किलो हवा ओढतं, म्हणजे तासाला जवळपास 3 हजार टन. ती हवा 19 पटींहून जास्त दाबली जाते, मग वायू पेटतो आणि तापमान दीड हजार अंशांच्या घरात जातं. पाती ज्या निकेलच्या मिश्रधातूची असतात, तो याच्या आधीच वितळू लागतो! म्हणून पाती आतून पोकळ ठेवतात, त्यांतून थंड हवा खेळवतात आणि वरून सिरॅमिकचा लेप देतात.

पण मला थक्क करतो तो फेऱ्यांचा हिशेब. विजेची वारंवारता 50 हर्ट्झ, म्हणून हा रोटर सेकंदाला 50 फेऱ्या मारतो. आसापासून दीड मीटरवर असलेला पात्याचा भाग त्या वेळी ताशी जवळपास 1,700 किलोमीटरने धावतो. तिथल्या एक किलो धातूवर बाहेरच्या दिशेने येणारा ओढा सुमारे 15 टनांचा असतो. वर्षानुवर्षं, तापून लाल झालेल्या अवस्थेत, पात्यांनी हे सोसायचं असतं.

एवढा खटाटोप कशासाठी, तर एकेका टक्क्यासाठी. इर्शिंगचं केंद्र वाफेसकट 578 मेगावॉट देतं. त्याची कार्यक्षमता एका टक्क्याने घसरून 59.75 वर आली असती, तर पूर्ण क्षमतेने चालताना तेवढ्याच विजेसाठी दिवसाला किती इंधन जास्त लागलं असतं? मी हिशेब मांडला. घरगुती गॅसच्या 14.2 किलोच्या 2,100 सिलिंडरांइतकी उष्णता! रोजची!

पुढं 2016 मध्ये फ्रान्समधल्या बुशँ इथं 62.22 टक्क्यांचा विक्रम झाला. इर्शिंगचं मात्र वेगळंच झालं. विक्रमाला चार वर्षं होत नाहीत तोच, 2015 मध्ये, मालकांनी ते केंद्र बंद करण्याचा इरादा जाहीर केला. सूर्य-वाऱ्याची वीज आणि स्वस्त कोळसा यांच्यापुढं त्याला चालायची संधीच मिळेना. ग्रिडला गरज पडेल म्हणून ते राखीव ठेवलं गेलं.

आपल्याकडं रत्नागिरी जिल्ह्यात अंजनवेलचा 1,967 मेगावॉटचा प्रकल्प वायूच्या तुटवड्यामुळं 2014 मध्ये ठप्प होता. 2015 च्या नोव्हेंबरात तो पुन्हा सुरू झाला तो रेल्वेसाठी सुमारे 500 मेगावॉट देत. टर्बाइन कितीही कार्यक्षम असलं, तरी परवडणाऱ्या वायूचा करार हातात नसताना असं केंद्र उभारू नये.