दोन अक्षरांचा अहवाल : सिकलसेलचे संशोधन आपल्या भाषेत वाचूया

14 एप्रिल असो की धम्मचक्र प्रवर्तन दिन, विदर्भातील अनेक बुद्धविहारांत आता आरोग्य शिबिरे होतात. बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब घेतात, वहीत नाव लिहितात, काही दिवसांनी एक कागद हातात पडतो. त्यावर 'एएस' अशी दोन इंग्रजी अक्षरे असतात. त्यांचा अर्थ कुणी सांगत नाही. कागद पेटीत जातो. पुढे मुलीच्या सोयरिकीच्या वेळी तो बाहेर निघाला की घरात रडारड सुरू होते.

आपल्या वस्त्यांतून रक्ताचे नमुने घेऊन शोधनिबंध लिहिले गेले. ते इंग्रजीत छापले गेले आणि ज्यांचे रक्त होते त्यांच्यापर्यंत क्वचितच परत आले. म्हणून आज आम्ही सिकलसेलचे संशोधन साध्या भाषेत मांडत आहोत.

आजार म्हणजे नेमके काय?

रक्तातील तांबड्या पेशी गोल आणि लवचीक असतात. त्यांच्यातील हिमोग्लोबिन शरीरभर प्राणवायू पोहोचवते. हिमोग्लोबिन तयार करणाऱ्या जनुकात एक बारीकसा बदल झाला की प्राणवायू कमी होताच पेशी विळ्यासारखी वाकडी आणि ताठर होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. निरोगी तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते. ही पेशी 10 ते 20 दिवसांतच फुटते, म्हणून रक्त कमी राहते.

हे जनुक आपल्याला आईकडून एक आणि वडिलांकडून एक असे मिळते. दोन्ही चांगली असतील तर 'एए'. एक बदललेले असेल तर 'एएस', म्हणजे वाहक. दोन्ही बदललेली असतील तर 'एसएस', म्हणजे रुग्ण. वाहक हा रुग्ण नसतो. तो सर्वसाधारणपणे निरोगी आयुष्य जगतो, शेतात राबतो, पोलीस भरतीची तयारी करतो. हे एक वाक्य वस्तीत नीट पोहोचले तरी निम्मी भीती जाईल.

हा आजार आपल्यातच का?

विदर्भात आदिवासींबरोबर बौद्ध समाजातही सिकलसेल मोठ्या प्रमाणात आढळतो. त्यावरून 'यांचे रक्तच खराब' अशी कुजबुज होते. विज्ञान वेगळे सांगते. अँथनी ॲलिसन यांनी 1954 मध्ये पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून दाखवले की वाहकांना जीवघेण्या मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते. त्यामुळे जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता, तिथे हे जनुक टिकले. आफ्रिका, अरबस्तान, भूमध्य समुद्राचा परिसर आणि मध्य भारतातील जंगलपट्टा ही त्याची उदाहरणे. यात कुणाचे पाप नाही आणि पूर्वजन्मीचे कर्मही नाही.

पँथरांनी काय केले?

अमेरिकेत या आजाराचे वैद्यकीय वर्णन 1910 मध्ये प्रसिद्ध झाले. तरी पुढची अनेक दशके कृष्णवर्णीयांच्या या दुखण्याकडे सरकारचे फारसे लक्ष नव्हते. 1971 मध्ये ब्लॅक पँथर पक्षाने आपल्या मोफत दवाखान्यांतून आणि वस्त्यांतून सिकलसेलची तपासणी सुरू केली, आपल्या वृत्तपत्रातून हा आजार लोकांना समजावून सांगितला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत सिकलसेलविषयी राष्ट्रीय कायदा झाला. त्याच 1972 साली मुंबईत, याच पँथरांपासून प्रेरणा घेऊन, दलित पँथर उभी राहिली.

या इतिहासाची दुसरी बाजूही आहे. अमेरिकेतील काही राज्यांनी तपासणी सक्तीची केली, पण समुपदेशनाची सोय केली नाही. वाहक आणि रुग्ण यांत गल्लत झाली. निरोगी वाहकांना नोकऱ्या आणि विमा नाकारले गेले. समजावून न सांगितलेली तपासणी नवा कलंक तयार करते, हा धडा आपण विसरू नये.

आकडा दिसला की हे विचारा

पहिला प्रश्न : हा आकडा वाहकांचा की रुग्णांचा? 'अमुक तालुक्यात इतके टक्के सिकलसेल' अशा बातमीत बहुतेक वेळा दोन्ही एकत्र असतात.

दुसरा प्रश्न : तपासले कुणाला? दवाखान्यात आलेल्या आजारी माणसांना तपासले तर टक्केवारी मोठी दिसणारच. घरोघरी जाऊन तपासले तर ती वेगळी येईल.

तिसरा प्रश्न : चाचणी कोणती? शिबिरातील सोल्युबिलिटी चाचणी ही केवळ चाळणी आहे. वाहक कोण आणि रुग्ण कोण हे ती सांगत नाही. सहा महिन्यांखालील बाळात ती फसते. खात्रीसाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी लागते.

चौथा प्रश्न : '25 टक्के' म्हणजे काय? आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत बाळ रुग्ण असण्याची शक्यता चारात एक असते. पहिले मूल आजारी झाले म्हणून पुढची तीन सुटली, असे नाही. दरवेळी फासा नव्याने पडतो. वाहकाचे लग्न 'एए' व्यक्तीशी झाले तर मूल 'एसएस' होत नाही. दोघेही वाहक असले तरी गर्भाच्या सुरुवातीच्या महिन्यांत तपासणी करता येते. म्हणून लग्न मोडण्याआधी डॉक्टरांशी बोलावे.

आता करायचे काय?

रुग्णांसाठी हायड्रॉक्सियुरिया हे औषध आहे. नागपुरात लहान मुलांवर झालेल्या अभ्यासात किलोमागे 10 मिलिग्रॅम इतक्या कमी मात्रेनेही वेदनेचे झटके मोठ्या प्रमाणात घटले. अर्थात हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रक्त तपासत राहूनच घ्यायचे असते. भरपूर पाणी, वेळेवर लसी आणि ताप आल्यास त्वरित दवाखाना, हेही तितकेच महत्त्वाचे. दिव्यांग हक्क कायदा 2016 मधील 21 प्रकारांत सिकलसेल आजाराचा समावेश आहे, हे रुग्णांच्या घरी जरूर सांगा.

केंद्र सरकारचे सिकलसेल निर्मूलन अभियान जुलै 2023 मध्ये सुरू झाले. 2047 पर्यंत निर्मूलन आणि 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी असे त्याचे लक्ष्य आहे. त्याचा मुख्य भर आदिवासी भागांवर आहे आणि तो योग्यच आहे. पण नागपूर, चंद्रपूर, भंडारा, गोंदियातील शहरी बौद्ध वस्त्या मोजणीतून सुटू नयेत, ही मागणी आपल्यालाच करावी लागेल. ती करताना वरचे चार प्रश्न हाताशी असले तर अधिकाऱ्यांसमोर आपले म्हणणे ठाम राहील.

पुढचे शिबिर भरवाल तेव्हा तीन गोष्टी पाळा. समजावून सांगणारा माणूस आधी ठरवा, रक्त नंतर घ्या. अहवाल माइकवरून वाचू नका, ज्याचा त्याला एकट्याला द्या. आणि कागदावर 'एएस'च्या शेजारी मराठीत लिहा : 'वाहक. आपण आजारी नाही. लग्नाआधी जोडीदाराचीही तपासणी करावी.'

तथागतांनी ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या, असे सांगितले. दुःख आहे, त्याला कारण आहे आणि मार्गही आहे, हेही त्यांनीच शिकवले. पेटीतला तो कागद या रविवारी बाहेर काढा आणि घरच्यांसोबत वाचा.